वाळल्या चिपाडाची गंज

भर हंगामात मी गुऱ्हाळावरची वाळल्या चिपाडाची राखीव गंज एका वीटभट्टीवाल्याला विकून टाकली. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. मीच त्याला निरोप धाडला, मीच उभं राहून ट्रॉल्या भरून दिल्या, आणि शेवटची ट्रॉली वळणाआड गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेकडं बघत हात असे झटकले, जणू गावचा जुना तंटा मिटवून आलोय.

ज्यांनी गुऱ्हाळ रस पिण्यापुरतंच पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ऊस चरकातून निघाला की रस एका बाजूला जातो, चिपाड दुसऱ्या बाजूला पडतं. रस काहिलीत चढतो, खाली चुलवाण पेटतं, आणि त्या चुलवाणात जाळायचं ते हेच चिपाड. मात्र ओलं नाही. तीन-चार दिवस उन्हात पसरून खडखडीत वाळवलेलं. आज निघालेलं चिपाड चार दिवसांनी जळणार, आज जळतंय ते चार दिवसांपूर्वीचं. बाहेरून काही आणायचं नाही. लागतं ते फक्त ऊन, आणि ऊन फुकट. हे वाक्य मी गुऱ्हाळावर आलो त्याच दिवशी वहीत लिहिलं होतं आणि 'फुकट'खाली रेघ ओढली होती.

वही ही माझी जुनी खोड. त्याआधी सात वर्षं मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात नियोजन खात्यात होतो. कुठला सुटा भाग कधी मागवायचा, किती मागवायचा, आणि मुख्य म्हणजे गोदामात किती कमी ठेवायचा, हे ठरवायचं आमचं काम. साहेबांची शिकवण अशी की पडून राहिलेला माल म्हणजे मढं, ते घरात ठेवू नये. मी ती इतकी मनावर घेतली होती की बायकोनं वर्षाचे गहू भरले तरी मी पोती मोजत बसायचो. पुढं मंदी आली, कारखान्यानं जादा माणसं काढायला घेतली, आणि जादा काय ते हुडकण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली तो मीच जादा निघालो.

त्याच दिवाळीत राहू गावात माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, ट्रॉलीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडून खाटेवर आडवे झाले. गुऱ्हाळ त्यांचं. ताईचा फोन आला, "घरात बसून वह्या काळ्या करतोस त्यापेक्षा इकडं ये. निदान माणसांवर लक्ष ठेव." मी गेलो. लक्ष माणसांवर ठेवायचं होतं. मी ते चिपाडावर ठेवलं.

गुऱ्हाळाचा जीव म्हणजे गुळव्या. आमचा गुळव्या केंदूरचा, साठी ओलांडलेला. सगळे त्यांना आबा म्हणत. रसावरची मळी काढणं, ती वर यावी म्हणून रानभेंडीचं पाणी घालणं आणि पाक कधी उतरवायचा ते सांगणं, हे त्यांचं काम. यातलं शेवटचं अवघड. मिनिटभर आधी उतरवला तर गूळ चिकट राहतो, ढेप बसत नाही. मिनिटभर उशीर झाला तर करपतो. आबा ते मिनिट बरोबर पकडत. बाजारात ढेपेवरचं फडकं सोडायच्या आधीच व्यापारी म्हणत, "केंदूरच्या म्हाताऱ्याची दिसती."

पंधरा दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आबा काहिलीकडं बघतच नसत. मान वाकडी करून, डोळे जवळजवळ मिटून, ते वास घेत आणि बुडबुड्यांचा आवाज ऐकत. मला वाटायचं, मोठ्या माणसाची ही ढब असेल. मग एका सकाळी मी दोन पावलांवर उभा राहून विडीचं बंडल पुढं केलं, तर त्यांचा हात बंडलाशेजारच्या हवेत फिरला. दोनदा.

तेव्हा गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "आबा, दिसत नाही का तुम्हाला?"

"हळू बोला की, पाव्हणं!" मालकाचा मेव्हणा म्हणून मी तिथं सगळ्यांचाच पाहुणा होतो. आबांनी चरकाकडं कान दिला, तिथली माणसं आपल्याच गप्पांत आहेत याची खात्री केली आणि म्हणाले, "सावल्या दिसत्यात. मोतीबिंदू हाय दोन्हींकडं. डाक्टर म्हनला, काढून टाकू."

"मग काढा की."

"आन् म्होरं म्हैना-दीड म्हैना धुरात जायाचं न्हाई. हंगामात गुळव्या घरी बसला का त्याच्या जागंवर दुसरा बसतो. बसल्याला मंग कोन उठवतंय?" त्यांनी बंडल माझ्या हातातून चाचपून घेतलं. "ह्यो येक हंगाम नाकावर काढतो. उन्हाळ्यात डोळं करून घेतो, फुडल्या दिवाळीला हाजर. तवर दाजींना कळू द्यायचं न्हाई. शबूद?"

"शब्द," मी म्हणालो. तो शब्द मी पाळला, हे इथंच सांगून टाकतो. त्या हंगामात मी धडपणे पाळलेली तेवढी एकच गोष्ट, आणि तीही नको त्या वेळी.

तर ती गंज. गुऱ्हाळामागं बांधाला लागून उभी होती, दोन पुरुष उंच, वरून पाचटानं नीट शाकारलेली. तिच्यातलं चिपाड काढलेलं दोन हंगामांत कोणी पाहिलं नव्हतं. रोजचं जळण अंगणात पसरलेल्या चिपाडातून जायचं. ही नुसती उभी. कारखान्यातून हाकललेल्या नियोजनवाल्याला अशी गोष्ट रोज समोर दिसणं म्हणजे काय यातना असतात, ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

मी वीस दिवस नोंदी ठेवल्या. रोज किती चिपाड निघतं, किती दिवसांत वाळतं, किती जळतं. सरासरी काढली. चार दिवसांना वाळत होतं आणि निघालेलं चिपाड निघालेल्या रसाला पुरत होतं. मग गंज कशाला? मी आबांना विचारलं.

"ती जाळाया न्हाई, पाव्हणं."

"मग कशाला?"

"झोप लागाया."

"झोपेसाठी एवढं जळण?"

"आभाळ आलं म्हंजी कळंल."

"आबा, मी नोंदी ठेवल्यात. वीस दिवसांत एकदाही आभाळ आलेलं नाही."

"मंग ती वही आभाळाला धाडा," म्हातारा म्हणाला. "वाचून ठरवंल त्ये काय करायचं."

चुलवाणात जाळ घालणारा, उत्तरेकडून कामाला आलेला उंच माणूस, हातातला दाताळा टेकवून हसला. मीही हसलो, पण आबांना. जन्म काहिलीपाशी घालवलेल्या माणसाला मी वीस दिवसांच्या वहीच्या जोरावर हसलो.

दाजींना मी सांगितलं, पण कसं? "मागचं जुनं चिपाड कुजायला लागलंय, काढून टाकू का?" ते मांडीच्या कळा सोसत होते. म्हणाले, "बघा तुमी." हा मी लेखी हुकूम समजलो. गंज गेली, आलेल्या पैशात चरकाची मोटर मोठी बसवली. आता वीज असेल तेवढ्या वेळात जास्त ऊस निघू लागला. आणि वीज त्या वर्षांत कधी येईल, कधी जाईल याचा नेम नव्हता. रोज एक आदण, म्हणजे काहीलभर गूळ, जास्त होऊ लागलं. जळण जास्त लागत होतं, पण चिपाडही जास्त निघत होतं. वही पुन्हा जमली. वहीचं हेच वाईट. ती नेहमी जमते.

आबांना तीन दिवस पत्ताच नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी मळी काढता काढता ते थांबले. "आज पाठीमागनं गार वारं लागतंय," ते म्हणाले. "गंज कुठं गेली?"

"विकली."

"कुनाला इचारून?"

"दाजींना."

"मला इचारायचं व्हतं."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"व्हय," आबा म्हणाले आणि पुन्हा मळी काढू लागले. त्या दिवशी ते माझ्याशी दुसरं काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं त्यांना.

मग मार्गशीर्षात आभाळ आलं. पाऊस म्हणावा असा पाऊस नाही, नुसती भुरभुर, पण सूर्य गेला तो गेलाच. अंगणभर पसरलेलं चिपाड गोधडीसारखं भिजलं. तिसऱ्या दिवशी साठवलेलं शेवटचं कोरडं जळण संपलं. आणि दारात तीन ट्रॉल्या ऊस उभा. गुऱ्हाळाचं असं असतं की कोणाचा ऊस कधी घ्यायचा ते आठ दिवस आधी ठरतं, तोडणारी टोळी त्या बेतानं कोयते चालवते, आणि एकदा तोडलेला ऊस आभाळासाठी थांबत नाही. आतल्या आत आंबायला लागतो. हा ऊस राहूतल्याच एका शेतकऱ्याचा. त्यांना सगळे मामा म्हणत. मामा दर तासाला येऊन विचारत, "काय पाव्हणं, पेटवताय का आमीच पेटवू?"

ओल्या चिपाडावर जाळ घालून बघितला. धूर झाला, उकळी आली नाही. आजूबाजूच्या गुऱ्हाळांची धुराडी मात्र चालू होती, कारण त्यांच्या गंजी जागेवर होत्या. उसनं जळण मागायला मी दोन ठिकाणी गेलो. पहिल्यानं नाही म्हटलं. दुसऱ्यानं अगदी प्रेमानं विचारलं, "तुमची तर आमच्या दुप्पट गंज व्हती की?" मी तशीच गाडी वळवली. लाज गुंडाळून ठेवून वीटभट्टीवरही गेलो. भट्टीवाला म्हणाला, "चिपाड तर जळून गेलं, साहेब. विटा देऊ का?"

अशा वेळी शहाणा माणूस हात जोडून मामांना सांगतो, की माझं चुकलं, ऊस दुसरीकडं न्या, नुकसान मी भरतो. मी शिरूर गाठलं. कारखान्यातल्या दिवसांपासून तिथला एक भंगारवाला ओळखीचा होता. सकाळी टेम्पोभर जुने टायर तुकडे करून गुऱ्हाळावर उतरले. ऊन असो, नसो, रबर ते रबर. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी वहीत नवीन पान काढलं.

जाळवाल्यानं एक तुकडा उलटसुलट करून बघितला. "साहब, चिपाड बात मानता है," तो म्हणाला. "हाथ रोको तो बुझ जाता है. टायर किसी की नहीं सुनता."

आबांनी तर पहिली काळी वाफ नाकात गेली तसा हातातला झारा खाली ठेवला. "ह्या जाळावर मी गूळ करनार न्हाई."

"काय झालं?" मामा बाहेरून ओरडले. "आता गुळव्याला काय झालं?"

आबांनी माझा दंड धरला, मला भिंतीकडं ओढलं आणि अगदी हळू म्हणाले, "पाव्हणं, समदा वास मारला हो ह्यानं. मला नाकाबिगर हाय काय?"

हे वाक्य मला आजही पाठ आहे. त्या वेळी मी त्यावर काय बोललो तेही पाठ आहे. मी म्हणालो, "एकच दिवस, आबा. मी तुमच्या शेजारी उभा राहतो. रंग मी सांगतो."

ते नाही म्हणू शकत होते. पण नाही म्हटलं की कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण मामांसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. आबांनी झारा उचलला.

पहिलं आदण निभावलं. कसं, ते मला माहीत नाही, आबांनाही माहीत नसावं. मी मात्र खिशातून वही काढली. दुसऱ्या आदणाला वारं फिरलं आणि धूर थेट आमच्या अंगावर आला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"रंग?" आबा.

"चहासारखा."

"कुठल्या चहासारखा? घरच्या का टपरीवरच्या?"

"घरच्या."

"तुमच्या घरी दूध किती घालत्यात मला काय ठावं! नीट सांगा."

"विटकरी. नाही, पिवळसर. थांबा हां..."

"थांबा म्हंजी? उतरवू का न्हाई?"

मला दिसत नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं. "आबा, मला दिसत नाही." त्यांनी ते कोणाहीपेक्षा चांगलं समजून घेतलं असतं. पण मी विचार केला. लवकर उतरवला तर गूळ चिकटेल, मामा बघतील, बोभाटा होईल. थोडा उशीर झाला तर थोडा लालसर होईल, चालून जाईल. दोन्हींच्या मधलं काहीतरी बरं. म्हणालो, "अजून जरा."

जरा वेळानं आबांनीच ओरडून सांगितलं, "बस! जाळ काढा!" जाळवाल्यानं हात थांबवला. चिपाड असतं तर आग तिथंच मलूल झाली असती. टायर जळत राहिले. कप्पीनं काहील उचलून गूळ निववायच्या वाफ्यात पालथी करेपर्यंत कडेचा पाक करपला होता, आणि वाफ्यात पसरला तो गूळ नव्हता. डांबर होतं.

मामांनी आरडाओरडा केला. तो ऐकून दाजी कुबड्या टेकत घरातून आले. त्यांनी वाफ्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले. "आबा, येवढा करपस्तवर काय करीत व्हता? दिसलं न्हाई?"

आबांनी माझ्याकडं कान केला. ते थांबले होते. कशासाठी, ते मला ठाऊक होतं. रंग मी सांगत होतो, अजून जरा मी म्हणालो, टायर मी आणले, गंज मी विकली. यातलं कुठलंही एक वाक्य चाललं असतं. पण रंग मी का सांगत होतो, असं दाजींनी विचारलं असतं तर? मी शब्द दिला होता. शब्दाच्या मागं लपायला इतकी ऐसपैस जागा असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

"माझा वर्साचा ऊस हाय त्यो," मामा बोलत होते. बोलता बोलता धूर चुकवायला ते चरकाच्या बाजूला सरकले आणि तिथून गप्प उभे राहिले.

आबांनी हात जोडले. "मामा, चूक माझी हाय," ते म्हणाले. "चाळीस वर्सांत आसं झालं न्हवतं." मामा आधी जिथं उभे होते त्या रिकाम्या जागेकडं बघून ते म्हणत होते. हात तिकडंच जोडलेले. मामा उजव्या बाजूला, चार पावलांवर, तोंड उघडं टाकून बघत होते.

मोटर तेवढी चालू होती, ती मी बंद केली. बंद केली नसती तर बरं झालं असतं, कारण मग दाजींचा आवाज फार स्वच्छ ऐकू आला.

"कवापास्नं, आबा?"

"गेल्या सालापास्नं."

"आन् मला सांगावं वाटलं न्हाई."

"सांगितलं आसतं तर ठिवलं आसतं का?"

दाजी खोटं बोलणारे नाहीत. "न्हाई," ते म्हणाले. "उद्याच्याला घरी जावा. हंगामाचं समदं पोचतं करतो."

दुसऱ्या दिवशी मी आबांना मोटरसायकलवर मागं बसवून केंदूरला सोडलं. मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन ते बसले होते. अख्ख्या वाटेत एकदाच बोलले, भीमेवर आल्यावर. "नदी आली," म्हणाले. "आज येतोय वास." त्याच दिवशी दुपारी ऊन पडलं. चांगलं कडक, चिपाड तीन दिवसांत वाळावं असं. मी ते कुठं लिहिलं नाही.

उन्हाळ्यात आबांचे दोन्ही डोळे झाले. चांगले झाले, असं ऐकलं. दिवाळीला दाजींनी आबांच्या जागी आलेला नवा गुळव्याच कायम ठेवला, तो बसलेला होता, त्याला उठवायचं काही कारण नव्हतं. बाकीच्या गुऱ्हाळवाल्यांकडं आबा स्वतः फिरले. पण केंदूरच्या म्हाताऱ्याचे डोळे गेले, ही बातमी शिरूर-दौंडच्या सगळ्या बाजारांत पोचली होती, आणि डोळे आल्याची बातमी तिच्या मागं धावून वाटेतच दमली. आंधळ्याला काहिलीपाशी कोण उभं करणार? आबांना नवीन डोळ्यांनी बघायला काहीच उरलं नाही.

तोवर मला शिरूरला खतांच्या दुकानात काम मिळालं होतं. तो नवा हंगाम अर्धा सरल्यावर मी दाजींकडं गेलो आणि सगळं सांगितलं. रंग मी सांगत होतो, तेही. दाजी म्हणाले, "आता सांगून काय उपेग?" ताईनं चहा ओतला आणि कप माझ्यापुढं जरा जोरात ठेवला. तिथून मी केंदूरला गेलो.

आबा दारात बसून सुपातल्या बाजरीतले खडे वेचत होते. चष्मा होता. खडे भराभर निघत होते. सून आतून म्हणाली, "कोन आलंय, मामंजी?" ते म्हणाले, "आवाज येऊ दे मंग सांगतो." मी बोललो. "पाव्हणं हायती," त्यांनी आत सांगितलं.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. की त्या दिवशी मी गप्प बसलो. की आता दाजींना सांगितलंय.

"मंग? काय म्हनलं?"

"आता सांगून काय उपेग म्हणाले."

"बराबर हाय." एक खडा त्यांनी बोटांनी अंगणात उडवला. माझ्यापाशी आणखी दोन-तीन वाक्यं तयार होती, माफीची. मोटरसायकलवरून येताना जुळवलेली. मी सुरुवात केली, तशी त्यांनी हातानं थांबवलं.

"तिकडं सावलीत कशाला उभं ऱ्हायलाय? हिकडं या. उजेडात."

मी ओटीच्या सावलीतून बाहेर उन्हात आलो. आबांनी सूप बाजूला ठेवलं, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसून पुन्हा घातला आणि माझ्याकडं बघितलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, घाई न करता. पूर्वी, डोळे शाबूत असताना, वाफ्यातला गूळ ते असाच बघत असतील.

"तुमचं तोंड मी कवा नीट बघितलंच न्हवतं, पाव्हणं," ते म्हणाले. "आवाजावरनं मला वाटलं व्हतं, शहाणा मानूस हाय."